भांडी कोण घासतं?

मधल्या सुट्टीत आमच्या बालवर्गातली मुले भातुकली खेळत होती. मी खिडकीशी हजेरीपट भरीत बसले होते. चुलीवर भात चढला, बाहुलीची अंघोळ झाली, आणि एवढ्यात पाच वर्षांची एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही बांगडी तुझ्याकडे कशी आली?"

झाले! खेळ जागच्या जागी थांबला. दुसऱ्या मुलीने मान वळवली. मग तिसरीने वळवली. आतापर्यंत निमूटपणे पाल्याची भाजी चिरणाऱ्या एका मुलाने डोळे मोठे केले, आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्याने तोंडाने "धाड्! धाड्! धाड्!" असा आवाज काढला. नंतर कोणीच काही बोलले नाही. बांगडी कशी आली हे आज सांगायचेच नव्हते. ते उद्या!

मला हसू आले, आणि थोडा हेवाही वाटला. वाचकाला उद्यापर्यंत थोपवून कसे धरावे हे शिकण्यात माझी दोन पुस्तके खर्ची पडली. ही पोरे ती विद्या दुधाबरोबर प्यालेली!

लिहिणाऱ्या माणसांत बसले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "आमच्याकडे संच आहे, पण तो आपला बातम्यांपुरता." हे वाक्य म्हणताना माणूस किंचित वर बघतो. मीही ते पुष्कळदा म्हटले आहे, आणि वरही बघितले आहे. आता पंचेचाळिशी उलटली, तेव्हा खरे सांगून टाकायला हरकत नाही. मी टीव्ही बघते. आठ वर्षांची होते तेव्हापासून बघते. पाहून झाल्यावर मनात नावे ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या वेळेला हातातले काम आटोपते.

माझे माहेर देवरुखच्या बाजूचे. आमच्या वाडीत पहिला संच आला तो किराणा दुकानदाराकडे, काळा-पांढरा. जानेवारी १९८७मध्ये रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले, आणि रविवारी सकाळी त्या दुकानदाराच्या ओटीवर उभे राहायला जागा मिळेना. त्यांचा थोरला मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवी, खालून आम्ही ओरडत असू, "आला, आला! गेला! अरे, आला होता तो फिरव परत!" रामाच्या तोंडावर मुंग्या आल्या की बायका हळहळत. दुकानदाराची आई संचाला हळदकुंकू वाही. उदबत्तीचा धूर पडद्यापुढे तरळे, आणि अयोध्येत धुके पडले आहे असे मला वाटे.

तीच मालिका २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवली. आता घरात रंगीत संच होता, मुंग्या नव्हत्या, आणि म्हणून सगळे स्वच्छ दिसले. रामाचा बाण आणि रावणाचा बाण आकाशात समोरासमोर येतात, थबकतात, एकमेकांची विचारपूस केल्यासारखे करतात, आणि मग कुठे त्यातला एक विझतो. कैकेयीने एक वाक्य उच्चारले की दरबारातल्या प्रत्येकाचा चेहरा पाळीपाळीने पाहावा लागतो. आधी बावन्न भागांची ठरलेली ती मालिका वाढत वाढत ७८ भागांपर्यंत गेली होती. आमच्या बालवर्गातल्या त्या तीन माना कोणाच्या वंशातल्या, हे मला तेव्हा उमगले.

बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' मला अधिक आवडे, अजूनही आवडते. त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले, आणि कथा सांगण्याचे काम त्यांनी प्रत्यक्ष काळावर सोपवले. कादंबरी लिहू लागल्यावर मला त्या युक्तीची थोरवी कळली. ज्याला सगळे ठाऊक आहे, पण काही बदलता येत नाही, असा निवेदक मिळायला भाग्य लागते. शिवाय तिथे प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो. ९४ भाग झाले, युद्ध झाले, आणि १९९०च्या जूनमध्ये मालिका संपली. संपली, हे महत्त्वाचे.

पण माझी खरी आवडती मालिका निराळीच. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर 'मालगुडी डेज' काढली. कर्नाटकातल्या आगुंब्याला तिचे चित्रण झाले. त्यातला पाऊस आमच्या पावसासारखा होता, आणि स्वामीची शाळा आमच्या शाळेसारखी. अर्ध्या तासात गोष्ट पुरी होई. शेवटी कोणी रडत नसे, कोणी मोठ्याने हसत नसे. माणूस रस्त्याने चालत जाई, आणि आपण घरी जात असू. गोष्ट कुठे सोडावी हे मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या मालिकेने दाखवले.

मी मॅट्रिक झाले (आमच्याकडे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात), चार वर्षे बालवाडीवर काढली, आणि २००० साली लग्न होऊन चिपळूणला आले. मराठी वाहिन्या तेव्हा नुकत्याच घरोघर शिरत होत्या. चिपळूणच्या घरात केबलची काळी तार खिडकीच्या गजातून आत आली होती, आणि तिच्या टोकाशी आमच्या सासूबाई बसल्या होत्या. आई, म्हणजे मीही त्यांना आईच म्हणते, तेव्हा पन्नाशीच्या होत्या. मामंजी जाऊन दोन वर्षे झाली होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की त्या भिंतीला टेकून खाली बसत, पुढ्यात मोड आलेल्या वालांचे पातेले घेत, आणि वाल सोलता सोलता मालिका बघत. वाल नसले तर तांदूळ. रिकाम्या हाताने बघताना मी त्यांना कधी पाहिले नाही.

त्यांची मुख्य मालिका 'चार दिवस सासूचे'. ती २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली थांबली. मधल्या काळात तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. आमच्या घरात त्या अवधीत एक मुलगा जन्मला, शाळेत गेला, त्याचे दुधाचे दात पडले, दुसरे आले. देशमुखांच्या घरातली भांडणे मात्र दारातच उभी! रोहिणी हट्टंगडी ही केवढी नटी. 'गांधी' चित्रपटातली कस्तुरबा! ती जड साड्या नेसून जिन्याच्या पायरीवर उभी राही, आणि साडीहून जड वाक्ये पेलून दाखवी. मला तिचे कौतुक वाटे आणि वाईटही वाटे. सोन्याचा तांब्या चुलीवर ठेवून अंघोळीचे पाणी तापवावे, तसे ते होते.

आईंना वाईट वाटत नसे. त्यांचे बघणे निराळ्या जातीचे. कथेत काय घडणार याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. त्या घर बघत. "अगो, हिला सकाळपासून भांडायला वेळ मिळतो. हिच्या घरी भांडी कोण घासतं?" असा त्यांचा पहिला प्रश्न. "बारा माणसं जेवून उठली, ताटं कुठे गेली?" हा दुसरा. झोपतानाही बायकांच्या अंगावर दागिने पाहून त्या म्हणत, "टोचत नाही का हो यांना?" आणि भर भांडणात कोणी दाराआडून ऐकताना दिसले की त्यांचे ठरलेले मत असे, "दाराआड उभं राहायला सवड पाहिजे. आमच्या सासूबाई दाराआड उभ्या राहिल्या असत्या तर दूध उतू गेलं असतं."

त्यांना 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मनापासून आवडे. दिलीप प्रभावळकरांचे आबा, केदार शिंदे यांचे दिग्दर्शन, आणि एवढेसे घर. तिथे कोणी कोणाला विष घालीत नव्हते. माणसे वर्तमानपत्रावरून भांडत, पाहुण्यांना कंटाळत, आणि रात्री आपापल्या चुकांसह झोपी जात. "यांच्याकडे कामं असतात," आई समाधानाने म्हणत. मराठी दूरचित्रवाणीवर एवढे नेमके समीक्षण मी छापलेले वाचले नाही.

माझी पहिली कादंबरी २००८ साली आली. मी ती आईंच्या जिवावर लिहिली, असे म्हटले पाहिजे. सकाळी शाळा, दुपारी मी लिहायला बसले की त्या मुलाला घेऊन बाहेर ओट्यावर जात, आणि संध्याकाळचा स्वयंपाक मला न विचारता उरकीत. पुस्तक आले तेव्हा त्यांनी ते भिंग घेऊन तीन दिवसांत वाचले. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण पान सोडले नाही. चौथ्या दिवशी वाल सोलताना म्हणाल्या, "चांगलं लिहिलंस. पण तुझ्या पुस्तकात कुणी जेवतच नाही गो."

मी हसून विषय बदलला. रात्री पुस्तक उघडून पाहिले. दोनशे पानांत माणसे खिडकीतून बाहेर बघतात, पत्रे फाडतात, समुद्रावर जातात, विचार करतात. चहा दोनदा आहे. दोन्ही वेळा तो निवतो. जेवण एकदाही नाही. वर्तमानपत्रातल्या परीक्षणांत कोणाच्या हे ध्यानात आले नव्हते. तो शेरा मला लागला. बरोबर होता म्हणून जास्तच लागला.

त्याच दिवाळीत पुस्तकाच्या निमित्ताने चार-पाच साहित्यिक मंडळी घरी आली. मी आनंदात होते, आणि थोडी फुगलेही होते. माजघरात मालिका हळू आवाजात चालू होती. एका गृहस्थांनी भुवया उंचावून तिकडे पाहिले, आणि काही विचारायच्या आतच मी म्हणाले, "आमच्याकडे संध्याकाळी डोकी खुंटीला टांगून बसायची पद्धत आहे. माझं तेवढं धडावर असतं." सगळे हसले. चांगले मोकळेपणाने हसले. मी वळून पाहिले तर आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या.

त्यांनी सगळ्यांना चहा दिला. साखर बरोबर आहे ना, असे विचारले. आत गेल्या, आणि माजघरातला आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी असताना तो संच लागला नाही. दिवा लावून झाला की आई पातेले उचलीत आणि शेजारच्या काकूंकडे जात. "त्यांना सोबत होते," एवढेच म्हणत. रागाचा शब्द नाही, की चेहऱ्यावर घडी नाही. मी स्वतःची समजूत घातली की बरे झाले, लिहायला शांतता मिळाली. ती शांतता साडेतीन वर्षे टिकली. दुसरी कादंबरी मी तिच्यात लिहिली. ती फारशी कोणाला आवडली नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही.

या काळात मी काय बघत होते? काकूंच्या भिंतीतून येणारा आवाज ऐकत होते. शब्द कळत नसत. तरी कुठल्या क्षणी तिसरी मान वळली हे मला इकडे बसून सांगता येई. आणि मग आईंचा आवाज, त्यावर काकूंचे हसणे. काय म्हणाल्या असतील, याचा विचार करण्यात माझी कितीतरी वाक्ये अर्धी राहिली.

पुढे २०१२ साली 'उंच माझा झोका' सुरू झाली. रमाबाई रानड्यांची कथा. एका संध्याकाळी मी होऊन संच लावला, आणि आई पातेले घेऊन निघाल्या होत्या तेव्हा म्हटले, "आई, बघता का? ही चांगली आहे म्हणतात." त्या उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या. मग भिंतीशी येऊन बसल्या, त्यांच्या जुन्या जागी. पडद्यावर छोटी रमा अक्षर गिरवीत होती, आणि घरातल्या बायका तिला टोचून बोलत होत्या. ती मालिकाही थोडी गोडसर होती. जुन्या काळच्या माजघरांत एवढा उजेड नसायचा आणि एवढी कोरी लुगडीही नसायची. पण ते मी बोलले नाही. मधल्या जाहिरातींत आई म्हणाल्या, "माझी पाटी मी माहेरी माळ्यावर ठेवली होती. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी काढायला गेले, तर तिचं लोणच्याच्या बरणीवर झाकण केलेलं."

मला त्या वेळी काहीतरी म्हणायचे होते. चार वर्षांचे तुंबलेले. ते मी म्हटले नाही. आवाज थोडा वाढवला, एवढेच.

त्यानंतर मात्र आम्ही दोघी नेमाने बघू लागलो, आणि आमची मते एकमेकींना न भिता सांगू लागलो. 'होम मिनिस्टर'मधल्या खेळांना मी हसे. आई हसत नसत. "पैठणीचं सोड. त्या बाईला तिचं नाव विचारतात, लग्न कसं झालं विचारतात. मला आजवर कुणी विचारलं?" मी विचारले. उत्तराला दोन संध्याकाळ लागल्या, आणि त्यातला बराच भाग माझ्या तिसऱ्या कादंबरीत आला. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेने मसाल्यांचा उद्योग काढून बघता बघता कोट्यवधी मिळवले, तेव्हा आईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "मिरच्यांची देठं काढायला किती बायका ठेवल्यान, ते एकदा दाखवा म्हणावं."

'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा कोकणात बरीच रागावली माणसे. आमची भूमी म्हणजे काय भुतांचा बाजार, असे त्यांचे म्हणणे. मला भुतांचा राग आला नाही. आमच्याकडे भुते आहेतच. ती नाहीत म्हणणारा माणूस अमावास्येला एकटा सड्यावर जाऊन दाखवील तर मी त्याचे ऐकेन. ती मालिका सावंतवाडीजवळ आकेरीच्या खऱ्या वाड्यात चित्रित झाली, आणि त्या वाड्याने तिला निम्मे तारले. अण्णा नाईक हा माणूस तर मराठी पडद्यावर पूर्वी नव्हता. हावरट, कंजूष, रंगेल, आणि गावात मान असलेला! माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केला की मला आमच्या नात्यातले दोघे तिघे आठवले. नावे सांगत नाही. माझी तक्रार दुसरीच. त्या वाड्यात पावसाआधी कोणी कौले परतीत नाही. सुपाऱ्या गोळा करीत नाही. कोकणातले घर हे वर्षभर माणसाला कामाला जुंपते. तिथे खून करायलाही मृगाच्या आधीचा मुहूर्त शोधावा लागेल. आई म्हणाल्या, "म्हणूनच भुतं झाली यांची. कामाला लावलं असतं तर झाली नसती."

मधे एकदा, २०१७च्या सुमारास, मलाच मालिकेचे संवाद लिहायला विचारले गेले. मुंबईहून फोन आला, मी नमुन्यादाखल एक प्रसंग लिहून पाठवला. दोन जावा रात्री मोरीपाशी बसून भांडी घासताहेत, आणि राखेने पातेले घासता घासता धाकटी थोरलीला कळू देते की ती घर सोडणार आहे. मला तो प्रसंग अजूनही आवडतो. तिकडचे गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, "ताई, छान आहे. पण यात गोष्ट पुढे सरकते." सरकू नये काय, असे मी विचारले. त्यांनी मला सगळे यंत्र समजावून दिले. काही निवडक घरांतल्या संचांना मापक लावलेले असतात. कोण काय बघतो याचे आकडे दर गुरुवारी येतात. आकडा वर असेल तर जे चालले आहे ते तसेच चालू ठेवायचे. खाली आला तर अपघात, स्मृतिभ्रंश, नाही तर लग्न. म्हणून पुढची गोष्ट आधी ठरवून चालत नाही. शेवट तर नाहीच. आणि फोन ठेवताना म्हणाले, "शिवाय भांडी नकोत. भांड्यांत नाट्य नसतं."

मी आईंना हे सांगितले. त्या खूप वेळ हसत होत्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बरं झालं नाही म्हणालीस ते. पण पैसे किती देणार होते?"

मी नाही म्हटले नव्हते. त्यांनी पुन्हा फोन केला नव्हता. ते मात्र मी त्यांना सांगितले नाही.

आणि मग २२ जुलै २०२१ उजाडला. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, आणि आमच्या अंगणात आले तेव्हा ते वर चढत होते की आम्ही खाली जात होतो हे कळेना. २००५ साली पाणी जिथवर आले होते ती खूण भिंतीवर होती. ती बघता बघता बुडाली. आम्ही शेजारच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर गेलो. आईंना यांनी पाठीवर घेतले. वर एका खोलीत आम्ही अकरा जण, त्यातल्या सात बायका. वीज गेली होती, फोन मुके झाले होते. खाली काळोखात पाण्यावर आमची भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. माझी हस्तलिखिते खालीच होती, मुलाची वह्या-पुस्तके होती. आणि तो संचही होता.

दुसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट. पाणी उतरू लागले होते, पण बिस्किटे संपली होती, आणि काय काय गेले याची मोजदाद मनात सुरू झाली होती. मेणबत्ती काटकसरीने लावायची म्हणून तीही विझवलेली. कोणी हळूच रडत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आज काय झालं असेल हो मालिकेत?"

अशा वेळी मालिका! कोणीतरी हसले, मग सगळ्या हसल्या. त्या मालिकेचे नाव सांगत नाही. तिच्या जागी दुसरी कुठलीही घातली तरी चालेल. घरासाठी झिजलेली एक बाई, तिला वाऱ्यावर सोडू पाहणारा नवरा, आणि दर संध्याकाळी दाराच्या मुठीपर्यंत जाऊन परत फिरणारा तिचा हात. तीन महिने तो हात मुठीवर होता.

"मी सांगते," आई म्हणाल्या.

मला वाटले, त्या गंमत करणार. त्यांनी गंमत केली नाही. भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर, रिकामे ठेवून, त्या काळोखात सांगू लागल्या. "ती दार उघडते. कुणी अडवत नाही. सगळी झोपलेली असतात. पिशवीत दोन लुगडी, एक पातेलं, एक ताटली. स्टँडाच्या मागे एक खोली भाड्याने घेते. पुवेला खिडकी आहे. स्टो पेटवते. मुगाची खिचडी टाकते, वर तूप. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला आधी वाढायचं नाही. गरम गरम खाते. पहिल्यांदाच तिला कळतं की खिचडी एवढी गरम असते."

कोणी हूं की चूं केले नाही. खाली एक डबा कुठे तरी भिंतीला लागून घुमला.

"मग एकच ताटली. ती घासते. पालथी घालते."

"आणि मग?" काकूंनी विचारले.

"मग काय? झोपते. संपली गोष्ट."

बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या खोलीत सात बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीनेही दुसरीकडे मान वळवून पाहिले नाही. काळोखच होता म्हणा. मला मात्र मामंजींच्या वेळची आमची पंगत दिसत होती, जी मी कधी पाहिलीच नव्हती. आईंच्या बरोबर एकवीस वर्षे मी एका घरात जेवले आहे. त्या काळात त्या नेहमी शेवटी बसल्या, आणि त्यांचा भात निवलेला असतो हे मला, माणसांविषयी पुस्तके लिहिणाऱ्या बाईला, एकदाही लिहावेसे वाटले नव्हते.

घर धुऊन, चिखल उपसून पुन्हा उभे करायला तीन महिने लागले. भिंतींना नवी खूण पडली. दसऱ्याला यांनी हप्त्याने नवा संच आणला, भिंतीवर टांगायचा, जुन्याहून मोठा. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकदमच जेवायला बसलो होतो. आता तसेच बसतो. आईंनी पहिला घास घेतला आणि यंत्र लावायला सांगितले. तीच मालिका लागली. तोच दिवाणखाना, तोच जिना. ती बाई दाराशी उभी होती, आणि तिचा हात मुठीवर होता.

आईंनी चष्मा पुसून नीट निरखून पाहिले.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "ही अजून इथेच?"

आणि त्यांनी माझ्यापुढे वाटी सरकवून आमटी मागितली.